अभ्यंगातला हात

आमच्या महाविद्यालयात मागे भारतीय ज्ञानपरंपरेवर एक चर्चासत्र झाले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर अशा चर्चासत्रांची लाटच आली आहे. विषयांची वाटणी झाली तेव्हा मराठीच्या प्राध्यापिकेला काय द्यावे, असा प्रश्न समितीला पडला असावा. कारण गणित, खगोल, स्थापत्य ही मानाची पाने आधीच वाढून झाली होती. शेवटी 'अभ्यंग : आरोग्यपरंपरेचे देणे' हा विषय माझ्या वाट्याला आला. माझी आई गेली तीस-पस्तीस वर्षे पुण्यातल्या बंगल्यांतून बाळ-बाळंतिणींना तेल लावते, हे विषय देणाऱ्यांना ठाऊक नव्हते. मीही सांगितले नाही. ग्रंथालयातून संहितांची मराठी भाषांतरे काढली आणि वाचायला बसले.

वाचताना मी एकच गोष्ट शोधीत होते, आणि ती काही केल्या सापडत नव्हती. तेल सापडत होते. तिळाचे, औषधींनी सिद्ध केलेले, ऊन केलेले. अंगही सापडत होते; त्याचे दोष, त्याची प्रकृती, त्याचा ऋतू, सारे सापडत होते. तेल लावणारा हात मात्र कोठेच दिसत नव्हता. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येचा अध्याय आहे. त्यात रोज अभ्यंग करावा, त्याने म्हातारपण, थकवा आणि वात दूर होतात, डोके, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे सांगितले आहे. कफ वाढलेल्याने, नुकतेच वमन-विरेचन घेतलेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने तो करू नये, अशी सूचनाही आहे. शास्त्र म्हणून हे नेटके आहे. मी भाषेची शिक्षिका, म्हणून माझे लक्ष वाक्याच्या रचनेकडे गेले. ज्याच्या अंगाला तेल लागते, तोच या वाक्याचा कर्ता आहे. लावणारा कर्ता नाही, कर्मही नाही. फार तर करण आहे, म्हणजे सुरीने कापले यातली सुरी. अभ्यंग स्वतःचा स्वतःला करता येतो, हे खरे. पण पाठीला स्वतःचा हात पुरत नाही, आणि ज्यांच्यासाठी हे ग्रंथ लिहिले गेले त्यांनी आपल्या पाठीपर्यंत आपला हात पोचवण्याचा खटाटोप केला असेल, असे मला वाटत नाही. थकवा घालवणारा अभ्यंग! पण कोणाचा थकवा? चार अंगे चोळून घरी परतलेल्या माणसाच्या मनगटाला जी कळ लागते तिचा उल्लेख दिनचर्येत नाही.

चरकसंहितेत मात्र एक जागा अशी आली की मी थांबले. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे फळ सांगताना तीन दृष्टांत दिले आहेत. तेल मुरलेला घडा, तेलाने रगडलेले चामडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस जसे मजबूत होतात आणि कष्ट सोसतात, तसेच तेलाने माणसाचे शरीर होते, असा त्याचा आशय. व्याख्यानांतून हे दृष्टांत 'किती सुंदर' म्हणून सांगितले जातात. मला ते सुंदर वाटत नाहीत. मला ते पुरावा वाटतात. शरीराला तेल का लावावे, याचे कारण सांगायची वेळ आली तेव्हा वैद्याला वेदातला दाखला सापडला नाही. तो कुंभाराकडे गेला, कातडे कमावणाऱ्याकडे गेला आणि गाडी बांधणाऱ्या सुताराकडे गेला. कातडे कोरडे राहिले तर भेगाळते, तेल पाजले तर वाकते पण तुटत नाही, हे ज्ञान आमच्याकडच्या ढोर-चांभारांचे. विहिरीवर मोटा चालत होत्या तोवर ते गावाच्या रोजच्या उपयोगाचे होते. माझे आजोबा त्याच मोटांचे नाडे वळीत. माणसाचे अंग हेही एक कातडेच आहे, हे वैद्याला चांभाराकडून कळले. पुढे ज्ञान ग्रंथात गेले आणि चांभार गावाबाहेर राहिला.

ज्यांच्या हाताला तेलाचा वास येतो, त्या सर्वांचेच असे झाले. तेल मंगल, दिवा मंगल, दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान मंगल. आणि तेल गाळणारा? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पापाचे एक गणित मांडले आहे: दहा कत्तलखान्यांइतका एक तेलाचा घाणा. त्याच अध्यायात वैद्याचे अन्न खाऊ नये म्हटले आहे, ते पुवासारखे मानले आहे. म्हणजे शरीराला हात लावणारा वैद्यही या व्यवस्थेने पंक्तीबाहेर बसवला होता. देवीप्रसाद चट्टोपाध्यायांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा विस्ताराने मांडला: जो कोणाच्याही देहाला स्पर्श करतो, कोणाकडूनही वनस्पतीची माहिती घेतो, तो वैद्य वर्णव्यवस्थेला परवडणारा नव्हता, म्हणून वैद्यकाच्या ग्रंथांवर धर्मशास्त्राची पुटे चढत गेली. त्यांचे सगळेच निष्कर्ष मान्य करायला हवेत असे नाही. पण आज जे आयुर्वेदाला वैदिक संस्कृतीचे सहज फळ म्हणून मिरवतात, त्यांनी मनूचा हा श्लोक एकदा तरी वाचावा.

हात अखेर सापडला तो चरकाच्याच पंधराव्या अध्यायात. शोधनाच्या उपचारासाठी घर कसे असावे, सामग्री काय असावी, याची तेथे यादी आहे. रुग्ण कोण, हेही आधीच सांगून टाकले आहे: राजा, राजासारखा कोणी, किंवा भरपूर पैसा असलेला. त्याच्यासाठी वारा येणारे पण झोत न लागणारे घर, उखळ-मुसळ, स्वयंपाकघर, स्नानाची जागा. आणि मग परिचारक. डाळ-भात शिजवणारे, न्हाऊ घालणारे, अंग चोळणारे, उठवून बसवणारे, निजवणारे, औषधे वाटणारे. अंग चोळणाऱ्याला येथे 'संवाहक' हा शब्द आहे. या सर्वांना मिळून एक विशेषणही आहे. त्याचा अर्थ, कोणत्याही कामाला जे नाही म्हणत नाहीत. नवव्या अध्यायात परिचारकाचे चार गुण दिले आहेत. सेवेची माहिती, दक्षता आणि स्वच्छता हे तीन कोणत्याही रुग्णालयाने मागावेत असे. चौथा गुण मालकावर अनुराग. वैद्याच्या गुणांच्या यादीत राजावर प्रेम असावे असे म्हटलेले नाही. ती अपेक्षा फक्त पगारी हाताकडून.

चरकावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्याच पंधराव्या अध्यायाच्या शेवटी त्याला दरिद्री माणूस आठवतो. सगळ्यांकडेच ही सगळी साधने नसतात आणि भयंकर रोग काही दरिद्र्याला सोडून देत नाहीत. म्हणून त्याने जे मिळेल त्या औषधाने, जमेल तसे भागवावे, असे तो सांगतो. या दोन ओळींत जो माणूस दिसतो तो मला आवडतो. पण त्याच्याही लक्षात एक गोष्ट येत नाही: तो दरिद्री आणि वरच्या यादीतला अंग चोळणारा, ही एकच व्यक्ती असू शकते.

वैद्यकाने जे केले नाही, ते एका नाटककाराने केले. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त संवाहक हे एक पात्र आहे. आपल्याकडे या नाटकाची चर्चा चारुदत्त-वसंतसेनेच्या प्रेमाची, फार तर शकाराच्या विनोदाची होते. संवाहकाकडे पाहिले जाते ते जुगाऱ्यांच्या प्रवेशातली एक गंमत म्हणून. मला तो या नाटकातला सर्वांत लांबचा प्रवास करणारा माणूस वाटतो. तो पाटलिपुत्राचा, बऱ्या घरातला. देश पाहण्याच्या हौसेने उज्जयिनीला येतो आणि चारुदत्ताकडे अंग चोळण्याच्या कामाला राहतो. चारुदत्त दरिद्री होतो, काम सुटते, हा जुगाराला लागतो, दहा सोन्याची नाणी हरतो आणि मार खात पळत वसंतसेनेच्या घरात शिरतो. ती विचारते, तुझा उद्योग काय? तो सांगतो. ती म्हणते, नाजूक कला शिकलास. त्यावर तो जे उत्तर देतो ते सगळ्या अभ्यंगसाहित्यात मला एकट्याचे वाटते. त्याच्या म्हणण्याचा भाव असा: शिकलो होतो कला म्हणून, आता ते पोट भरण्याचे साधन झाले आहे. हात पहिल्यांदाच बोलला तो हे बोलला.

वसंतसेना त्याचे देणे भागवते. उपकार फेडावा म्हणून तो म्हणतो, माझी ही कला तुमच्या नोकरमाणसांना शिकवतो. ती नको म्हणते. ज्याच्यासाठी शिकलास त्याचीच सेवा कर, असे सुचवते. टीकाकारांना यात तिचे चारुदत्तावरचे प्रेम दिसेल, आणि ते आहेच. मला यात एक दरवाजा बंद झालेला दिसतो. या माणसापाशी देण्यासारखी एकच वस्तू होती, ती त्याने पुढे केली, आणि मालकिणीने ती प्रेमाने परत केली. त्यानंतर तो बौद्ध भिक्षू होतो.

आठव्या अंकात तो पुन्हा येतो. शकाराने गळा दाबून टाकून दिलेली वसंतसेना त्याला बागेत पाचोळ्याखाली सापडते. तो चीवराचे पाणी पिळून तिला शुद्धीवर आणतो. ती उठू शकत नाही. आता तो भिक्षू आहे, स्त्रीला हात लावू शकत नाही. ज्याची सारी विद्या हातात होती, तो माणूस तिला जवळची वेल धरून उठायला सांगतो. नाटककाराला येथे भिक्षूचा नियम दाखवायचा आहे, हे उघड आहे. तरी मला हा प्रसंग वाचताना दर वेळी असे वाटते की त्याने आपला हात आयुष्यात प्रथमच स्वतःच्या ताब्यात घेतला आहे. कोणाला लावायचा आणि कोणाला नाही, हे आता तो ठरवतो. आणि हात न लावताही तो जीव वाचवतो. शेवटच्या अंकात त्याला सगळ्या विहारांचा प्रमुख केले जाते. एक गोष्ट मात्र शूद्रकानेही केली नाही. या नाटकात रदनिका आहे, मदनिका आहे, वर्धमानक, स्थावरक, कुंभीलक हे सारे नोकर आपापल्या नावाने आहेत. संवाहकाला नाव नाही. आधी तो संवाहक, नंतर भिक्षू.

मराठीत हात आला तो सेना न्हाव्याच्या कथेत. महिपतीने १७६२ साली 'भक्तविजया'त ती सांगितली आहे आणि आपण सगळ्यांनी कीर्तनांतून ती ऐकली आहे. सेना पूजेत गुंतलेला, राजाचे बोलावणे येते, सेना जात नाही. मग देव सेनाचे रूप घेऊन राजाची हजामत करतो, अंगाला तेल लावतो. राजाला तेलाच्या वाटीत देवाचे रूप दिसते. वारकरी कथांत ही मला फार जवळची वाटे. देव न्हाव्याचे काम करतो, म्हणजे ते काम हलके नाही, असा अर्थ मी बी. ए. ला असताना उत्तरपत्रिकेत लिहिला होता आणि त्याला गुणही मिळाले होते. आज मी तो तसा लिहिणार नाही. सेना इतकी वर्षे त्या राजाच्या अंगाला तेल लावीत होता. तेव्हा राजाने वाटीत कधी पाहिले नाही. हात देवाचा झाला त्या दिवशी त्याला सुख किती होते हे कळले. न्हाव्याच्या हाताकडे पाहायला लावण्यासाठी आमच्या भक्तिपरंपरेलाही त्या जागी देवाचा हात ठेवावा लागला.

आता स्पर्शाकडे येते. ज्यांचा स्पर्श विटाळ, त्यांच्याच हातून अंग चोळून घेतले जाते, हा विरोधाभास वाटेल. पण व्यवस्थेने तो फार हिशेबाने सोडवला होता. माझी आजी धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावी सुईण होती. मांगीण सुईण, ही आमच्या भागात नवलाची गोष्ट नव्हे. बाळंतपण अडले की रात्री-अपरात्री पाटलाच्या वाड्यावरून कंदील घेऊन माणूस मांगवाड्यात यायचा. आजी नाळ कापायची, वार पुरायची, लेकराला न्हाऊ घालायची, बाळंतिणीला तेल लावून शेक द्यायची. हे सोयराचे दहा दिवस. त्या दहा दिवसांत बाळंतीण स्वतःच अशुद्ध, तिची खोली अशुद्ध, बाज अशुद्ध; मग मांगिणीच्या हाताने आणखी काय बाटणार? दहा दिवस झाले की घर सारवले जाई, बाळंतीण शुद्ध होई आणि आजी पुन्हा उंबऱ्याच्या बाहेर. बाराव्या दिवशी बारशाला तिला सुपात दाणे आणि खण मिळे, अंगणात, वरून टाकलेला. ज्या लेकराला पहिला हात तिचा लागला, ते लेकरू मोठे होऊन तिच्या सावलीपासून बाजूला होत असे. आजी हे सांगताना चिडत नसे. 'रीतच व्हती' म्हणायची. मला तिच्या न चिडण्याची अजूनही चीड येते.

आणि आमच्या बायकांचे बाळंतपण? फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने १८५५ साली 'ज्ञानोदया'त जो निबंध लिहिला, त्यात मांग-महारांच्या बायकांच्या बाळंतपणाचा उल्लेख आहे: घरावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात, पावसात त्या बाळंत होतात. त्याच निबंधात तेलही एकदा येते. मोठ्या इमारतींच्या पायांत मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरीत असत, असे ती लिहिते. आमच्या पहिल्या लेखिकेच्या लेखनात तेल आले आहे ते असे. 'आरोग्यपरंपरेचे देणे' या शीर्षकाखाली मी हे वाचून दाखवले तेव्हा सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले.

हात नकार देऊ शकतो काय? देऊ शकतो, आणि त्याने दिलेलेही आहेत. पण कोणाला, हे पाहिले पाहिजे. साताऱ्यात न्हावी होते, पैसेही देता आले असते, तरी आपले केस थोरली बहीण कापीत असे, हे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. जो हात वरच्याचे पाय चोळायला नाही म्हणत नव्हता, तो खालच्याच्या डोक्याला शिवायला नाही म्हणत होता. पण १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरवले. कोणत्याही कामाला नाही न म्हणणाऱ्या चरकाच्या परिचारकाने दिलेले हे पहिले खणखणीत उत्तर मी मानते. अभ्यंगाचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर ही सभा त्यात असली पाहिजे.

पुढचा भाग परदेशाचा आहे आणि मी तो थोडक्यात आटोपते. १७५९ साली पाटण्यात जन्मलेला दीन महंमद इंग्लंडात गेला, ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्याने स्नानगृह काढले, १८२२ साली चंपीवर पुस्तक लिहिले आणि इंग्लंडच्या राजाचा अधिकृत चंपीवाला झाला. शॅम्पू हा शब्द आपल्या चंपीतूनच तिकडे गेला. (पाटलिपुत्राचा संवाहक आणि पाटण्याचा दीन महंमद, गाव एकच, हा योगायोग मला मौजेचा वाटतो.) त्याला नाव मिळाले, पण त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. इकडे केरळात वैद्यकाचा मान अष्टवैद्य नंबुद्री घराण्यांना. पण सतराव्या शतकात डचांनी मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ छापला, त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा इळव वैद्य प्रमुख होता. १९९० नंतर त्याच केरळने आयुर्वेद हा पर्यटनाचा माल केला. पिझिच्चिल, शिरोधारा हे शब्द कोवळमच्या किनाऱ्यावरून गोव्याला आणि लोणावळ्याला आले. २०१४ साली आयुषचे स्वतंत्र मंत्रालय झाले. आता अभ्यंगाला वेलनेस म्हणतात.

या वेलनेसच्या पुस्तिका मी साहित्य म्हणूनच वाचल्या. त्यांच्या छायाचित्रांत हात असतो, हे कबूल केले पाहिजे. पण तो मनगटाशी कापलेला असतो. वर गोऱ्या किंवा गव्हाळ पाठीचा मोठा भाग, कोपऱ्यात पितळी वाटी, जास्वंदीचे फूल आणि दोन हात. चेहरा चौकटीबाहेर. मजकुरात हमखास येणारी एक कोटी आहे: संस्कृतात स्नेह म्हणजे तेल आणि स्नेह म्हणजे प्रेम. चर्चासत्रातही ती तीनदा झाली. माझ्या आईला १९९५ च्या सुमारास बाळ आणि बाळंतीण मिळून दिवसाचे तीस रुपये मिळत. त्यात तेल घरवाल्यांचे, वाटी घरवाल्यांची. वाटीत तेल किती ओतायचे तेही वहिनी ठरवायच्या. त्या व्यवहारात यातला कोणता स्नेह होता, असे मी विचारले नाही. पण एक सांगते. आई कामाहून परत येताना हात धूत नसे. घरी येऊन तळव्याला राहिलेले तेल आम्हा भावंडांच्या कोपरांना, गुडघ्यांना पुसायची. बदामाचे असायचे कधी कधी. शाळेत माझ्या शेजारची मुलगी म्हणायची, तुझ्या हाताला छान वास येतो.

आमच्यातले काही मित्र म्हणतात, हे सगळे ब्राह्मणी थोतांड आहे, सोडून द्या. मला तसे म्हणता येत नाही. अभ्यंगाने म्हातारपण जाते, हे मी मानत नाही. वात-पित्त-कफाची मांडणी आजच्या शरीरशास्त्राला धरून नाही, हेही खरे. पण २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये ढाक्याच्या एका बालरुग्णालयातला प्रयोग प्रसिद्ध झाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अंगाला हलक्या हाताने सूर्यफुलाचे तेल लावले, तर रुग्णालयात जडणारे जंतुसंसर्ग सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झाले. कोवळ्या कातडीवर तेलाचा एक पातळ पडदा होतो, एवढे त्याचे कारण. ते चांभाराला समजले असते. मग ही गोष्ट थोतांड म्हणून कोणाला देऊन टाकायची? ती मुळात त्यांची होती काय?

निबंध पुरा करण्यासाठी मी आईला चार रविवार समोर बसवले आणि ती काय करते ते लिहून घेतले. तेल किती ऊन, ते मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचे. लेकराच्या पोटावर हात फिरवायचा तो त्याच्या उजवीकडून वरून डावीकडे, उलटा नाही. टाळू भरायची पण दाबायची नाही. नाकात-कानात तेल सोडायचे तिने बंद केले आहे. एका घरी डॉक्टरीणबाईंनी कारण समजावून सांगितले, ते तिला पटले. बाळंतिणीच्या कमरेला जोर द्यायचा तो अंगठ्याचा नव्हे, तळहाताच्या टाचेचा. पोट कापून बाळंतपण झाले असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पोटाला हात नाही. आणि लेकरू दूध फाटून ओकत असेल तर त्या दिवशी तेल नाही.

शेवटचे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. अजीर्णात अभ्यंग नको, हे वाग्भटात आहे. आईने वाग्भटाचे नावही ऐकलेले नाही. तिला ते आजीने सांगितले, आजीला तिच्या सासूने. ग्रंथ खाली झिरपत मांगवाड्यात आला, असे म्हणणारे म्हणतील. ज्या वाड्याने आजीला अंगणातून दाणे टाकले, त्याने तिला 'अष्टांगहृदय' वाचून दाखवले असेल काय? आणि चामड्याचा दाखला जर चांभाराकडून ग्रंथात गेला असेल, तर ओकणाऱ्या लेकराचा नियम एखाद्या सुईणीकडून गेला नसेल कशावरून? सिद्ध करता येत नाही. पण उलटेही सिद्ध झालेले नाही. ते नुसते धरून चालण्यात आले आहे.

चर्चासत्राचे निबंध पुस्तकरूपाने निघायचे आहेत. माझा निबंध एका शेऱ्यासह परत आला. चरकाच्या, वाग्भटाच्या विधानांना अध्यायांचे आकडे आहेत. मालिशीच्या पद्धतीचे जे दीड पान आहे त्याला आधार दिलेला नाही, तो द्यावा. शेरा रास्त होता. मी त्या पानाखाली आईचे नाव, गाव आणि वय लिहायचे ठरवले, आणि संध्याकाळी उत्साहाने तिला सांगितले. ती भाकऱ्या करीत होती. म्हणाली, "नाव कशाला घालतीस माझं?" मी म्हटले, ज्ञान तुझे आहे, नाव तुझेच पाहिजे. संवाहकाला नाव नव्हते, हेही मी तिला सांगितले. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

कोथरुडातल्या एका घरी ती अजून जाते. तेथल्या वहिनींच्या सुनेचे बाळंतपण नुकतेच झाले आहे. ज्या मुलाला आईने तेल लावले होते, त्याच्या मुलाला आता लावते. तेथे तिला मावशी म्हणतात. आडनाव कोणी विचारले तर ती इतकी वर्षे गावाचे नाव सांगत आली आहे.

"त्या घरातली पोरं लई वाचत्यात," ती म्हणाली. "पुस्तकात आडनाव दिसलं तर सवा महिना बी पुरा व्हायचा न्हाई."

पान अजून माझ्या टेबलावर आहे. आधाराची जागा कोरी आहे. या लेखातही तिचे नाव मी लिहिलेले नाही.